वहीतला चौथा रकाना

गेली सव्वीस वर्षे मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून काम करतो आणि त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे मला टाइप २ मधुमेह आहे. उसाच्या रसातील साखर लिहिण्याची एक मोठी वही प्रयोगशाळेच्या टेबलावर असते. माझ्या रक्तातील साखर लिहिण्याची दुसरी, छोटी वही माझ्या डब्याच्या पिशवीत असते. पहिल्या वहीत एखादा आकडा नेहमीपेक्षा वेगळा आला तर त्याचे कारण सापडेपर्यंत आम्ही स्वस्थ बसत नाही. दुसऱ्या वहीत आकडा चढला की कारण मात्र आधीच ठरलेले असायचे : काहीतरी खाल्ले असेल. डॉक्टरांना तसे वाटायचे, घरच्यांना वाटायचे आणि पुढे पुढे मलाही तसेच वाटू लागले होते. हे उत्तर अपुरे आहे हे उमगायला मला सात हंगाम लागले.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट आहे. माझी बारा ते आठची पाळी होती. दीड वाजता मी नेहमीप्रमाणे जेवलो होतो : ज्वारीच्या दोन भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीभर आमटी. या जेवणानंतर दोन तासांनी माझी साखर साधारणपणे १६० ते १७५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते, हे मला वहीवरून पाठ होते. त्या दिवशी दुपारी मिलचा गिअर बॉक्स गेला आणि गाळप थांबले. यार्डात उसाने भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली होती, रस टाक्यांमध्ये पडून होता आणि पडून राहिलेला रस दर तासाला खराब होत जातो. आदल्या दिवशीचा साखर उतारा (गाळलेल्या उसातून निघालेल्या साखरेची टक्केवारी) अर्ध्या टक्क्याने खाली आला होता आणि त्याचा खुलासा देण्यासाठी पाच वाजता वरून बोलावणे येणार होते. मी करण्यासारखे काहीच उरले नव्हते. फोनजवळच्या खुर्चीत बसून राहायचे, एवढेच काम होते. पोटात गोळा आला होता. साडेतीन वाजता सवयीने बोट टोचले तर ग्लुकोमीटरवर ३१२ हा आकडा उमटला.

येथे माझ्यातला केमिस्ट जागा झाला. आमच्या बोटांना दिवसभर रसाचा चिकटा असतो आणि उसाच्या रसात ऊससाखरेबरोबर थोडे ग्लुकोजही असते. ग्लुकोमीटरच्या पट्टीला लागणारा रक्ताचा थेंब एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही लहान असतो, त्यामुळे बोटावरचा न दिसणारा चिकटासुद्धा आकडा कुठल्या कुठे नेऊ शकतो. मी साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि दुसऱ्या हाताचे बोट टोचले. या वेळी २४६ आले. (फळ कापल्यानंतर, पोरांना लाडू भरवल्यानंतर किंवा प्रसाद वाटल्यानंतर हात न धुता साखर तपासणाऱ्या सर्वांनी हे लक्षात ठेवावे. केवळ सॅनिटायझर चोळून चालत नाही, पाणीच लागते.) म्हणजे ३१२ हा आकडा खोटा होता, परंतु २४६ हा खरा होता. भाकऱ्या दोनच होत्या, चहा बिनसाखरेचा होता, गोळी सकाळीच घेतली होती. ग्लुकोमीटरच्या मोजणीत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरला जातो. तेवढी सूट देऊनही हिशेब लागत नव्हता.

हिशेब लागत नसेल तर नोंदीतून सुटलेला एखादा माल कुठून तरी आत आला आहे, असे आम्ही प्रयोगशाळेत मानतो. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. साखर १०० असते तेव्हा त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याने एक चमचा, ग्लुकोज असते. माझ्या नेहमीच्या १६८ मध्ये आणि त्या दिवशीच्या २४६ मध्ये रक्तापुरता फरक पाहिला तर तो केवळ चार ग्रॅमचा आहे. ज्याच्या डोळ्यांसमोरून दिवसाला हजारो पोती साखर जाते, त्या माणसाला चार ग्रॅम म्हणजे काय ते सांगायला नको. दुसरीकडे यकृतामध्ये ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे शंभर ग्रॅम ग्लुकोजचा साठा असतो. मी बाहेरून काहीच खाल्ले नसले तरी माझ्या स्वतःच्या कोठारातून हे चार ग्रॅम यायला कसलीच अडचण नव्हती.

कोठाराची किल्ली ताणाच्या संप्रेरकांकडे असते. जीव टांगणीला लागतो तेव्हा मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींमधून ॲड्रेनालिन सुटते. ते यकृतातील साठा फोडायला लावते, स्वादुपिंडातून सुटणाऱ्या इन्शुलिनला आवर घालते आणि स्नायूंनी रक्तातले ग्लुकोज उचलण्याचे प्रमाणही कमी करते. त्याच्या मागोमाग, पण अधिक संथपणे, कॉर्टिसोल येते. त्याचा अंमल काही तास टिकतो, ते प्रथिनांच्या घटकांपासून यकृताला नवे ग्लुकोज तयार करायला लावते आणि असलेल्या इन्शुलिनचा प्रभाव बोथट करते. मधुमेह नसलेल्या माणसाचे स्वादुपिंड थोड्याच वेळात जादा इन्शुलिन सोडून ही वाढ निस्तरते. आमच्यासारख्यांच्या शरीरात ही भरपाई दुबळी असते, म्हणून चढलेली साखर तशीच रेंगाळते. वाघ समोर आल्यावर पळण्यासाठी लागणारे इंधन शरीर तयार ठेवते आणि आपण ते घेऊन खुर्चीत बसून राहतो.

याविषयी वाचत असताना अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी केलेली एक तपासणी माझ्या वाचनात आली आणि ती मनातून जाईना. १९१३ च्या हंगामातील शेवटचा आणि सर्वांत चुरशीचा फुटबॉल सामना संपल्याबरोबर कॅनन आणि त्यांचे सहकारी फिस्के यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या संघातील २५ खेळाडूंची लघवी तपासली. १२ जणांच्या लघवीत साखर निघाली. ही सगळी धडधाकट तरुण मुले होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या बारांपैकी ५ जण राखीव खेळाडू होते आणि त्यांना मैदानात उतरायला बोलावलेच गेले नव्हते. ते बाकावर बसून होते, आपल्याला हाक येईल का याची वाट पाहत होते, एवढाच त्यांचा सामना. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे नुसत्या वाट पाहण्यात किती बळ असते ते कळते. हे वाचताना मला फोनजवळची ती खुर्ची दिसत होती.

त्यानंतर मी छोट्या वहीत चौथा रकाना आखला. वेळ, आकडा आणि खाणे हे तीन रकाने आधीपासून होते. चौथ्याच्या डोक्यावर मी लिहिले, ‘काय चालले होते’. प्रत्येक नोंदीपुढे चार-पाच शब्दच लिहायचे असे ठरवले : ‘गाळप सुरळीत’, ‘मिल बंद, दोन तास’, ‘खुलाशाचा फोन येणार’, ‘नवा मुलगा रजेवर, मीच पोल काढले’ (पोल म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण). हंगाम संपेपर्यंत हा रकाना मी नेटाने भरला.

मला वाटले होते की ज्या दिवशी काम जास्त, त्या दिवशी साखर जास्त, असे काहीतरी निघेल. तसे निघाले नाही. पूर्ण क्षमतेने गाळप चालू असलेले, रस उकळून साखरेचे दाणे पाडतात त्या पॅन फ्लोअरचे जिने दहा-बारा वेळा चढावे लागलेले, नमुन्यांमागून नमुने तपासून डोळे दुखून आलेले दिवस हे माझे चांगले दिवस होते. त्या दिवशी मी थकून घरी जात असे, परंतु आकडे १७० च्या आसपास असत. वाईट आकडे होते ते वाट पाहण्याच्या दिवसांचे. उतारा घसरला त्याचे मूळ बहुधा शेतातून शिळा होऊन आलेल्या उसात असते, तो ऊस माझ्या हातात नसतो, आणि तरीही कागदावर सही माझी असल्यामुळे जाब मला द्यावा लागतो. अशा दिवशी शारीरिक श्रम जवळजवळ नसतातच. नुसता डोक्याला ताप असतो आणि साखर २२०-२४० वर जाऊन बसते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाची जी मांडणी केली ती नेमकी हीच आहे. त्यांच्या मते काम पुष्कळ असणे एवढ्यानेच माणूस खचत नाही. अपेक्षा पुष्कळ आणि निर्णय मात्र आपल्या हाती नाही, या जोडीने तो खचतो. लंडनमधील सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या, १०,३०८ जणांच्या प्रदीर्घ अभ्यासात अशा नोकऱ्या करणाऱ्या आणि कामाच्या ठिकाणी कोणाचा आधार नसलेल्या स्त्रियांमध्ये टाइप २ मधुमेह होण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. पुरुषांमध्ये तो संबंध दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. शिवाय तो अभ्यास मधुमेह होण्याविषयीचा होता, झालेल्या मधुमेहातील रोजच्या चढउताराविषयीचा नव्हता. तरीही माझा चौथा रकाना त्याच दिशेने बोट दाखवत होता.

सर्वांचे शरीर एकाच रीतीने वागते असे मात्र कोणी समजू नये. आमच्या बॉयलिंग हाउसमधील एका सहकाऱ्याची साखर ताणाच्या दिवशी उलट खाली जाते, कारण त्याच्या घशाखाली घासच उतरत नाही आणि गोळी मात्र पोटात गेलेली असते. हा दुसरा धोका मी स्वतःही अनुभवला आहे आणि तो चढलेल्या साखरेपेक्षा अधिक तातडीचा आहे.

त्याच हंगामात, फेब्रुवारीत, तपासणीसाठी बाहेरची माणसे आली होती आणि दुपारचा डबा चार वाजले तरी उघडलेला नव्हता. मी मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी घेतो. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते आणि आपण जेवलो आहोत की नाही याची ती वाट पाहत नाही. रसातील साखर मोजण्याच्या पोलॅरिमीटरमध्ये डोळा लावून मी आकडा वाचू लागलो तर हाताची बोटे थरथरत होती. कपाळावर घाम आला होता, छाती धडधडत होती. शेजारी उभा असलेला सहकारी आपुलकीनेच म्हणाला, “साहेब, एवढं टेन्शन घेऊ नका.” मलाही क्षणभर ते टेन्शनच वाटले. पण रसाच्या नमुन्याचा आकडा मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा वेगळा वाचला, तेव्हा मात्र मी हात धुऊन बोट टोचले. ५८ होते. सत्तरच्या खाली गेले की थांबायचे नाही, हे डॉक्टरांनी बजावून ठेवले होते. प्रयोगशाळेच्या कपाटातून साखर घेऊन तीन चमचे पेलाभर पाण्यात विरघळवली आणि पिऊन टाकली. पंधरा मिनिटांनी ९२ आले आणि मग मी डबा उघडला.

साखर उतरते तेव्हाही शरीर ॲड्रेनालिनच सोडते, म्हणून घाम, थरथर आणि धडधड ही लक्षणे भीतीची आणि कमी साखरेची अगदी सारखी असतात. कामाच्या गडबडीत माणूस त्यांना ‘टेन्शन’ समजून सोडून देतो, किंवा उलट, खरोखरीच्या घबराटीला साखर उतरली समजून पेढा तोंडात टाकतो. अंदाज बांधू नये, मोजावे. ज्यांना रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळी चालू आहे त्यांच्यात धडधड आणि थरथर दबून जाऊ शकते. अशा वेळी घाम हाच काय तो इशारा उरतो.

पाळ्यांचा भाग वेगळाच आहे. आमच्याकडे चार ते बारा, बारा ते आठ आणि आठ ते चार अशा पाळ्या हंगामभर फिरत राहतात. कॉर्टिसोल एरवी पहाटे चढते आणि रात्री उतरते, पण पहाटे चारला कामावरून परतणाऱ्याचे घड्याळ आणि त्याच्या शरीराचे घड्याळ यांचा मेळ राहत नाही. शिकागो येथील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार तास झोपू दिले, तर तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची ग्लुकोज निस्तरण्याची क्षमता घटली आणि संध्याकाळचे कॉर्टिसोल वाढले. आम्ही चार-पाच महिने तसे काढतो.

माझ्या एचबीए१सीच्या कागदांवर त्याचा ठसा स्वच्छ दिसतो. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. जुने कागद काढून पाहिले तेव्हा मोळी टाकण्याआधीचा, म्हणजे गाळप सुरू होण्याआधीचा, ऑक्टोबरचा आकडा ७.२ आणि हंगाम संपल्यानंतरचा एप्रिलचा आकडा ८.४ होता. म्हणजे सरासरी साखर १६० वरून १९४ वर गेली होती. त्याच्या आदल्या वर्षीही हेच घडले होते. दर एप्रिलमध्ये मला आहारावर बोलणी बसायची आणि दर ऑक्टोबरमध्ये शाबासकी मिळायची, आणि या दोन्ही वेळी मी खात तेच असे.

येथे मला थोडे घरातले बोलावे लागेल. हंगामात संध्याकाळी मी वही उघडली की पत्नी विचारायची, “अहो, आज कारखान्यात काय खाल्लंत?” तिच्या प्रश्नात काळजीच होती. मला मात्र दिवसभर एक खुलासा देऊन आल्यावर घरी दुसरा खुलासा द्यावा लागतो असे वाटे. मी काही आकडे वहीत लिहिणेच टाळू लागलो. तीन आठवडे तर बोटच टोचले नाही, कारण जो आकडा दिसेल त्याने मीच दोषी ठरणार होतो. माझी खात्री आहे की मधुमेहींच्या वह्यांमधल्या बऱ्याचशा मोकळ्या जागा आळसाच्या नसतात, त्या अशाच असतात. चौथा रकाना भरू लागल्यानंतर मी वही पत्नीसमोर ठेवली आणि तिने ती जानेवारीपासून शेवटपर्यंत वाचली. त्यानंतर तिचा प्रश्न बदलला. आता ती विचारते, “आज कसं होतं?”

डॉक्टरांनीही वही वाचली. माझ्या गोळीची वेळ त्यांनी पाळीप्रमाणे बदलून दिली. ही गोष्ट कोणीही आपल्या मनाने करू नये, कारण ताणाने चढलेली साखर काही तासांनी आपोआप उतरते आणि तिच्यासाठी जादा घेतलेली गोळी त्यानंतर अंगावर येते. त्यांनी आणखी एक प्रयोग सांगितला. स्वित्झर्लंडमध्ये टाइप २ मधुमेहींना परीक्षकांपुढे भाषण आणि तोंडी गणिते करायला लावून मुद्दाम ताण दिला गेला. उपाशीपोटी दिलेल्या ताणाने साखर फारशी हलली नाही, परंतु जेवणानंतर दिलेल्या ताणाने ती लक्षणीय चढली. हे ऐकल्यावर मी एक साधी विनंती केली : माझ्याकडून खुलासा हवा असेल तर तो शक्यतो जेवणाआधी घ्यावा. वरच्या साहेबांनी ती मान्य केली. इतक्या वर्षांत मी ती कधी केली नव्हती, कारण आपला आजार कामाच्या ठिकाणी कळला तर आपल्याला दुबळे समजतील, ही भीती मनात घर करून होती.

जेवणानंतर मी आता यार्डाला एक फेरी मारतो. बारा-पंधरा मिनिटे लागतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, उसाचे वाढे चघळणारी जनावरे यांच्यामधून चालताना फोन प्रयोगशाळेत ठेवलेला असतो. चालणाऱ्या पायांचे स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील ग्लुकोज उचलू शकतात, त्यामुळे ताणाने सोडलेले इंधन निदान कुठेतरी वापरले जाते. रात्री झोपण्यापूर्वी अंग टप्प्याटप्प्याने सैल सोडण्याचा आणि संथ श्वसनाचा सरावही करतो. याविषयी माझ्या मनात आधी विश्वास नव्हता. परंतु अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १०८ जणांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांना मधुमेहाच्या माहितीबरोबर ताण हाताळण्याचे असे शिक्षण दिले त्यांचा एचबीए१सी वर्षभरानंतर अर्ध्या टक्क्याने कमी झालेला होता. अर्धा टक्का म्हणजे किती, हे साखर उताऱ्यावर ज्याची झोप अवलंबून असते त्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. माझा गेल्या एप्रिलचा आकडा ७.८ होता. उतारा घसरणे, मिल बंद पडणे आणि फोन येणे यांपैकी काहीही थांबलेले नाही.

या हंगामाच्या आधी आम्ही तिघा-चौघांनी मिळून प्रयोगशाळेतल्या प्रथमोपचाराच्या कपाटात एक ग्लुकोमीटर, पट्ट्यांची डबी, प्रत्येकाने आपापली वापरायची म्हणून सुट्या सुयांचे पाकीट आणि ग्लुकोज पावडरचा डबा ठेवून घेतला. कपाट उघडले त्याच दिवशी रात्रपाळीचे दोन फिटर येऊन आपल्यालाही मधुमेह असल्याचे सांगून गेले. इतकी वर्षे आम्ही एकाच छताखाली काम करत होतो आणि हे एकमेकांना ठाऊक नव्हते. आमच्याकडची हवा वाफेची आणि दमट आहे, डबीचे झाकण उघडे राहिले तर पट्ट्या खराब होतात, म्हणून रसाच्या नमुन्याच्या बाटलीवर लावतो तशी चिठ्ठी त्या डबीवर लावून मी तीवर उघडल्याची तारीख लिहिली आहे आणि खाली ‘आधी हात धुवा’ असे ठळक अक्षरात लिहिले आहे.